‘५०० अंशांना सर्वोत्तम’ : एका आलेखाची उलटतपासणी

आज आम्ही एका आलेखाबद्दल बोलणार आहोत. प्रकाश-उत्प्रेरणावरचे शोधनिबंध ज्यांनी वाचलेत, त्यांनी तो नक्की पाहिलेला असणार. आडव्या अक्षावर तापमान : ३००, ४००, ५००, ६००, ७०० अंश सेल्सिअस. उभ्या अक्षावर ‘किती रंग नाहीसा झाला’ याची टक्केवारी. रेष चढते, बहुतेक वेळा ४५० ते ५५० च्या दरम्यान शिखर गाठते आणि मग उतरते. खाली निष्कर्ष असतो : ५०० अंशांना तापवलेला नमुना सर्वोत्तम.

असा आलेख आम्ही स्वतःही काढलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्यामुळे पुढे जी टीका येईल ती दुसऱ्याच्या घरावर दगड मारण्यातली नाही. आमचा प्रश्न असा की या आलेखातून आपल्याला नक्की काय कळतं? आणि त्याच्या जोरावर जे म्हटलं जातं, ते म्हणायचा अधिकार आपल्याला आहे का?

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण आज काही मंडळी पहिल्यांदाच ऐकताहेत. टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच पदार्थ, हा अर्धवाहक आहे. त्यावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की आतला एक इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात उडी मारतो आणि मागे एक रिकामी जागा, होल, राहते. हे दोघे पृष्ठभागापर्यंत पोचले तर तिथे रसायन घडवतात. इलेक्ट्रॉन कुणाला तरी दिला जातो, होल कुणाकडून तरी इलेक्ट्रॉन हिसकावतो. वाटेतच पुन्हा एकत्र आले, तर सगळा प्रकाश उष्णता होऊन वाया जातो. या वाटेतल्या भेटीला आपण पुनर्मीलन म्हणू. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा यांनी ‘नेचर’मध्ये पाण्याच्या विघटनाचा प्रयोग छापला आणि या विषयाची मोठी लाट सुरू झाली. त्यांचा इलेक्ट्रोड रुटाइलचा होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे ‘अ‍ॅनाटेस चांगलं, रुटाइल वाईट’ असं जे सरसकट बोललं जातं, त्यात ही गोष्ट विसरली जाते.

आता उष्णतेकडे येऊ. प्रयोगशाळेत सोल-जेल पद्धतीने, म्हणजे टायटॅनियमच्या अल्कॉक्साइडवर पाण्याची क्रिया करून, जी पांढरी पावडर मिळते ती सुरुवातीला जवळजवळ अस्फटिकी असते. अणू आहेत, पण रांगेत नाहीत. ती क्रुसिबलमध्ये घालून मफल फर्नेसमध्ये ठेवायची. १००-२०० अंशांपर्यंत पाणी आणि अल्कोहोल जातं. मग सेंद्रिय अवशेष जळायला लागतात. ज्यांनी ३०० च्या आसपास भट्टी उघडून पाहिली असेल त्यांना आठवत असेल, पावडर पांढरी नसते. ती तपकिरी, राखाडी, कधी करपलेल्या पोळीसारखी दिसते. तो कार्बन आहे. साधारण ३५० ते ४५० च्या दरम्यान अणू रांगेत बसतात आणि अ‍ॅनाटेस तयार होतं. आणखी तापवलं की लहान स्फटिक एकमेकांत मिसळून मोठे होतात. पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गट पाणी होऊन निघून जातात. शुद्ध पावडर हवेत तापवली तर ६००-७०० च्या सुमारास अ‍ॅनाटेसचं रुटाइल व्हायला लागतं. त्यात ॲल्युमिनियम किंवा सिलिकॉन मिसळलं असेल तर हे रूपांतर लांबतं. तांबं किंवा लोह असेल तर लवकर होतं.

म्हणजे आडव्या अक्षावर आपण एकच गोष्ट बदलली असं वाटतं, पण प्रत्यक्षात निदान सहा गोष्टी एकदम बदलल्या : उरलेला कार्बन, स्फटिकांचं प्रमाण, स्फटिकांचा आकार, पृष्ठफळ, पृष्ठभागाचं रसायन आणि रूप. यातल्या काही फायद्याच्या, काही तोट्याच्या. स्फटिक नीट बसला की आतले दोष कमी होतात आणि पुनर्मीलन घटतं, हा फायदा. पण त्याच वेळी पृष्ठफळ कोसळतं. किती, ते इथेच करून पाहू. अ‍ॅनाटेसची घनता सुमारे ३.९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. गोल कण धरले तर एका ग्रॅमचं पृष्ठफळ म्हणजे ६ भागिले घनता गुणिले व्यास. व्यास १० नॅनोमीटर असेल तर उत्तर येतं सुमारे १५४ चौरस मीटर. ४० नॅनोमीटर झाला तर ३८. एका ग्रॅममागे शंभराहून जास्त चौरस मीटर नुसत्या तापवण्याने गेले.

एक चढणारी रेष आणि एक उतरणारी रेष यांचा गुणाकार केला की मध्ये शिखर येतं. त्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइडच असायला पाहिजे असं नाही. म्हणून शिखर सापडणं हा शोध नव्हे. शिखर न सापडणं हे जास्त आश्चर्याचं ठरेल.

कुंभाराकडे गेलात तर हे त्याला सांगावं लागत नाही. माठ कच्चा भाजला तर पाण्याने विरघळतो. जास्त भाजला तर छिद्रं बंद होतात, पाणी पाझरत नाही आणि गारही होत नाही. मग माठाचं सर्वोत्तम तापमान आहे का? आहे. पण त्याच मातीचं कौल करायचं असेल, तर ते पाझरून कसं चालेल? तिथे आच वेगळी. सर्वोत्तम तापमान हा मातीचा गुणधर्म नाही. माती, भट्टी आणि काम या तिघांचं ते मिळून ठरतं. आमची तक्रार एवढीच की आपल्या शोधनिबंधांत यातलं पहिलं तपशिलाने लिहिलेलं असतं, दुसरं एका ओळीत आणि तिसऱ्याचा विचारच झालेला नसतो.

आधी भट्टीबद्दल बोलू, कारण त्या एका ओळीत बरंच काही दडलेलं आहे. ‘५०० अंशांना २ तास’. किती वेगाने तिथवर नेलं? क्रुसिबलमध्ये थर बोटभर होता की पातळ? झाकण होतं का? थर जाड असेल आणि सेंद्रिय पदार्थ भरपूर असतील, तर खालच्या पावडरीला ऑक्सिजन कमी पडतो. वरची पांढरी निघते, खालची करडी. आणि फर्नेसचा आकडा हा थर्मोकपल जिथे आहे तिथला आकडा. पावडरीच्या पोटातला नव्हे.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे आपण सगळे ज्याच्याशी तुलना करतो ती पी-२५ नावाची बाजारी पावडर. ती टायटॅनियम टेट्राक्लोराइड ज्योतीत सोडून बनवतात. ज्योतीचं तापमान १००० अंशांच्या वर. आमच्या आलेखाप्रमाणे तिथे फक्त रुटाइल मिळायला हवं आणि पावडर मृत असायला हवी. प्रत्यक्षात पी-२५ बहुतांशी अ‍ॅनाटेस आहे, ढोबळ मानाने ८० टक्के. पृष्ठफळ ग्रॅममागे ५० चौरस मीटरच्या आसपास. आणि ती इतकी कार्यक्षम की जगभर मापदंड म्हणून वापरतात. कारण सोपं आहे. कण ज्योतीत क्षणभरच राहतो. वेळ न सांगता तापमान सांगणं म्हणजे ‘कुकर मोठ्या आचेवर ठेवा’ इतकंच सांगून शिट्ट्या न सांगण्यासारखं आहे.

(श्रोत्यांतून प्रश्न : पी-२५ चांगली चालते ती दोन रूपं एकत्र असल्यामुळे ना?)

चांगला प्रश्न आहे आणि याचं पाठ केलेलं उत्तर ‘हो’ असं आहे. २००३ साली हुरम आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन स्पिन मोजून दाखवलं की पी-२५ मध्ये इलेक्ट्रॉन रुटाइलकडून अ‍ॅनाटेसकडे जातात. काम नेटकं आहे. पण २०१० साली ओतानी आणि सहकाऱ्यांनी एक वेगळी गोष्ट केली. त्यांनी पी-२५ मधून रासायनिक पद्धतीने अ‍ॅनाटेस आणि रुटाइल वेगळे काढले. मग ते पुन्हा त्याच प्रमाणात मिसळले आणि काम कसं करतात ते पाहिलं. मिश्रणाने जवळजवळ मूळ पावडरीइतकंच काम केलं. म्हणजे दोन रूपं एकमेकांना चिकटून असल्याचा खास फायदा त्यांना तरी दिसला नाही. शिवाय त्यांना थोडा अस्फटिकी भागही सापडला. त्यांनी हेही नोंदवलं की एकाच डब्यातून वेगवेगळ्या जागची पावडर घेतली तर प्रमाण बदलतं. ज्या पट्टीने आपण मोजतो तिच्याच खुणा हलतात. आम्हाला हा निबंध फार आवडतो, कारण तो एका ‘माहीत असलेल्या’ गोष्टीला हात लावून बघतो. दोन्ही निबंध वाचल्यावर आमचं मत असं झालंय की इलेक्ट्रॉन जाऊ शकतात हे सिद्ध आहे, पण त्यामुळेच पावडर चांगली चालते हे सिद्ध नाही. ६०० अंशांना तापवलेला नमुना चांगला निघाला आणि एक्स-रे विवर्तनात थोडं रुटाइल दिसलं की ‘दोन रूपांच्या सहकार्यामुळे’ असं वाक्य आपोआप लिहिलं जातं. ते वाक्य लिहिताना हात थोडा थांबायला हवा.

आता ज्या निबंधाला आम्ही या विषयातला चांगला नमुना मानतो, त्याकडे येतो. तोही ओतानी, ओगावा आणि निशिमोतो यांचाच, १९९७ सालचा. प्रश्न साधा होता : अस्फटिकी आणि अ‍ॅनाटेस यांच्या मिश्रणात काम कोण करतं? त्यांनी अस्फटिकी पावडर वेगवेगळी तापवली. पण आलेखाच्या आडव्या अक्षावर नुसतं तापमान ठेवून ते थांबले नाहीत. किती भागाचं स्फटिक झालं, हे उष्णतामापनाने मोजलं. उरलेला अस्फटिकी भाग स्फटिक होताना जी उष्णता सोडतो, तिच्यावरून हा हिशेब करता येतो. आणि त्यांना दिसलं की अस्फटिकी पावडरीचं काम नगण्य आहे, कारण तिच्यातले दोष इलेक्ट्रॉन आणि होल यांना पुन्हा एकत्र आणतात. यातला फरक लक्षात घ्या. ‘४०० पेक्षा ५०० चांगलं’ हे विधान त्या भट्टीपुरतं आहे. ‘स्फटिकी भाग काम करतो, अस्फटिकी करत नाही’ हे विधान दुसऱ्याच्या भट्टीतही चालतं.

मग २०११ साली ‘सायन्स’मध्ये काळ्या टायटॅनियाचा निबंध आला. चेन, लिऊ, यू आणि माओ. त्यांनी नॅनोस्फटिक २० बार दाबाच्या हायड्रोजनमध्ये सुमारे २०० अंशांना ५ दिवस ठेवले. पावडर काळी झाली, दृश्य प्रकाश शोषू लागली आणि प्रकाश-उत्प्रेरणात तिने चांगलं काम केल्याचं त्यांनी दाखवलं. कारण म्हणून त्यांनी सांगितलं की स्फटिकाच्या बाहेरच्या थरात अव्यवस्था निर्माण झाली आहे. आता गंमत बघा. १९९७ चा निबंध म्हणतो अव्यवस्था मारक आहे. २०११ चा म्हणतो अव्यवस्था तारक आहे. दोन्ही निबंधांचा उल्लेख एकाच परिच्छेदात, शेजारी शेजारी, या विरोधाचा एक शब्द न काढता केलेला आम्ही कितीदा पाहिलाय!

विरोध सुटतो, पण त्यासाठी ‘कुठे’ हा प्रश्न विचारावा लागतो. अव्यवस्था कणाच्या गाभ्यात असेल, तर बाहेर निघालेल्या इलेक्ट्रॉन-होलांच्या वाटेतच सापळे बसतात. ती फक्त सालीत असेल आणि गाभा स्वच्छ असेल, तर ती प्रकाश शोषायला आणि इलेक्ट्रॉन धरून ठेवायला मदत करू शकते. म्हणून हायड्रोजनमध्ये जास्त तापमानाला भाजलेली सगळीच काळी पावडर चांगली निघत नाही. ऑक्सिजनच्या रिक्त जागा गाभ्यापर्यंत गेल्या की रंग गडद होतो आणि काम मंदावतं. रंग बघून खूश होऊ नये, हे आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही नेहमी सांगतो. शोषलेला प्रकाश आणि कामाला लागलेला प्रकाश यांत फार अंतर असू शकतं.

नायट्रोजनचं प्रकरणही असंच. २००१ साली असाही आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅनाटेसची पावडर अमोनियात ६०० अंशांना ३ तास तापवली. पिवळी पावडर मिळाली, ती दृश्य प्रकाशात चालली. शुद्ध अ‍ॅनाटेसचा बँड गॅप ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे ३८८ नॅनोमीटरपेक्षा लांब तरंग त्याच्या कामाचा नाही. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यप्रकाशात त्याला चालणारा भाग जेमतेम ४-५ टक्के. तेव्हा दृश्य प्रकाश कामाला लावण्याचं महत्त्व कुणाला सांगायला नको. त्यांचं स्पष्टीकरण असं की ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन बसला आणि बँड गॅप अरुंद झाला. पण ६०० अंशांना अमोनिया स्वतः फुटू लागतो, त्यातून हायड्रोजन येतो आणि तो ऑक्सिजन ओढून नेतो. मग रंग नायट्रोजनचा की रिक्त जागांचा? २००६ साली सर्पोने यांनी हाच प्रश्न थेट शीर्षकात विचारला : डोपिंगने बँड गॅप खरंच अरुंद होतो का? त्यांचा कल रिक्त जागांशी जोडलेल्या रंग-केंद्रांकडे होता. या वादात आम्ही कुणाच्या बाजूने आहोत ते महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे की एक जोडनमुना लागतो : तेवढाच वेळ, तेवढंच तापमान, ऑक्सिजन ओढणारा पण नायट्रोजन नसलेला वायू. असा जोडनमुना ठेवणारे निबंध शोधायला वेळ लागतो.

असाहींना एका गोष्टीचं श्रेय द्यायला हवं. त्यांनी मेथिलीन ब्लूबरोबर ॲसिटाल्डिहाइड वायूचीही चाचणी घेतली होती. ॲसिटाल्डिहाइडला रंग नाही, तो दृश्य प्रकाश शोषत नाही. त्यांच्या मागून आलेल्या अनेकांनी नायट्रोजन घेतला, मेथिलीन ब्लू घेतला आणि ॲसिटाल्डिहाइड तिथेच सोडून दिला.

आणि इथे आम्ही आमच्या खऱ्या दुखण्यावर येतो, म्हणजे उभ्या अक्षावर. ‘किती रंग नाहीसा झाला’.

मेथिलीन ब्लू स्वस्त आहे, सुंदर निळा आहे, ६६४ नॅनोमीटरला त्याचं शोषण मोजायला साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरतो. ज्या महाविद्यालयात गॅस क्रोमॅटोग्राफ नाही तिथला विद्यार्थी दुसरं काय करणार? हे आम्हाला कळतं. पण हा निळा रंग तीन वेगळ्या वाटांनी जाऊ शकतो. पहिली, तो पावडरीला नुसता चिकटून बसतो. दुसरी, रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो, इलेक्ट्रॉन टायटॅनियात टाकतो आणि स्वतः तुटतो. इथे अर्धवाहकाने प्रकाश शोषलेलाच नसतो, तरी श्रेय त्याला. तिसरी, ऑक्सिजन कमी असेल तर रंग क्षपण होऊन बिनरंगी रूपात जातो आणि बाटली हलवली, हवा मिसळली, की परत निळा होतो. २००६ साली यान, ओतानी आणि इतरांनी तपासलं की दृश्य प्रकाशातल्या चाचणीला हा रंग योग्य आहे का. निष्कर्ष : नाही.

आता हे तापवण्याशी जोडून पाहा. ३००-४०० अंशांचा नमुना, पृष्ठफळ मोठं, रंग भरपूर चिकटतो. ७०० चा नमुना, पृष्ठफळ कमी, काहीच चिकटत नाही. म्हणजे शिखराची उतरती बाजू ही काही अंशी निव्वळ चिकटण्याची बाजू असू शकते. फिनॉलसारखा टायटॅनियाला फारसा न चिकटणारा रेणू घेतला तर पृष्ठफळाचं महत्त्व घटतं, स्फटिक किती स्वच्छ आहे याचं वाढतं आणि शिखर जास्त तापमानाकडे सरकू शकतं. मग ‘५०० सर्वोत्तम’ हे कुणाबद्दलचं विधान झालं, पावडरीबद्दलचं की निळ्या रंगाबद्दलचं?

आमच्या स्वतःच्या आलेखाची गोष्ट सांगतो. पावडर घातल्यावर अंधारात किती रंग चिकटला, ही नोंद आम्ही ठेवलीच नव्हती. दिवा लावायच्या आधीची पहिली मोजणी पावडर घालण्यापूर्वीची होती. चिकटलेला आणि तुटलेला रंग आम्ही एकाच खात्यात जमा केला. परीक्षकांनी विचारलं नाही. आम्हाला स्वतःलाही ते बऱ्याच उशिरा, दुसऱ्याचा प्रबंध तपासताना लक्षात आलं. त्याच्यावर लाल शेरा मारायला पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला मनाला लावून घ्यायचं? एक आलेख चुकला तर काय बिघडलं? बिघडतं ते प्रस्तावनेत. यातल्या बऱ्याच निबंधांची प्रस्तावना कापड-उद्योगाच्या सांडपाण्याने सुरू होते आणि शेवट ‘हे द्रव्य सांडपाणी शुद्धीकरणासाठी आश्वासक आहे’ असा होतो. आपल्यापैकी जे इचलकरंजी-कोल्हापूरकडचे आहेत त्यांना पंचगंगेच्या पाण्याचं काय झालंय हे शोधनिबंधातून कळायची गरज नाही. सुती कापड रंगवायला रिॲक्टिव्ह रंग वापरतात. ते ऋण भाराचे असतात. मेथिलीन ब्लू धन भाराचा. टायटॅनियाचा पृष्ठभाग सामू ६ च्या आसपास भाररहित असतो आणि त्याच्या वर ऋण होतो. रिॲक्टिव्ह रंगाई मीठ आणि सोडा घालून होते, म्हणजे पाणी अल्कधर्मी. अशा पाण्यात ऋण पृष्ठभाग ऋण रंगाला दूर ढकलणार. प्रयोगशाळेतला धन रंग मात्र स्वतःहून येऊन चिकटतो. शिवाय त्या पाण्यातले क्लोराइड आणि कार्बोनेट हे होल आणि हायड्रॉक्सिल मूलक मध्येच गिळतात. ऊर्ध्वपातित पाण्यात, थोड्याशा मेथिलीन ब्लूवर शोधलेलं ५०० अंशांचं शिखर त्या पाण्यात उभं राहील, असं मानायला काहीही आधार नाही. कदाचित तिथे ६५० चांगलं निघेल, कदाचित काहीच चालणार नाही. तपासल्याशिवाय ‘आश्वासक’ हा शब्द वापरला की आश्वासन कुणाला दिलं, हेही विचारायला हवं.

टायटॅनिया सोडून थोडं. कॅडमियम सल्फाइडसारख्या क्वांटम डॉट्समध्ये उष्णतेची किंमत आणखी चढी आहे. हे कण द्रावणात बनतात, त्यांच्या अंगावर लांब सेंद्रिय साखळ्यांचं पांघरूण असतं. त्या पांघरुणामुळे ते सुटे राहतात, पण त्याच पांघरुणामुळे पाण्यातला रेणू पृष्ठभागापर्यंत पोचत नाही. तापवून ते जाळावं, तर कण एकमेकांना चिकटतात आणि ज्या लहान आकारासाठी सगळा खटाटोप केला तोच जातो. बँड गॅप परत मूळ पदार्थाकडे सरकतो. १९९२ साली गोल्डस्टाइन, एकर आणि अलिविसाटोस यांनी दाखवलं की कॅडमियम सल्फाइडचे नॅनोस्फटिक मोठ्या स्फटिकापेक्षा खूपच कमी तापमानाला वितळतात. तेव्हा मोठ्या स्फटिकाच्या तक्त्यातलं तापमान इथे लावून चालत नाही. त्यात हवेत तापवलं तर सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होतं. मग आपण कशाची चाचणी घेतोय, हेच बदलतं. या विषयावर स्वतंत्र बोलायला हवं, आज नाही.

काय करता येईल, हे विचारलं जाणारच. महागडी यंत्रं न घेता करता येण्यासारखं बरंच आहे. अंधारातली अर्ध्या-एक तासाची नोंद फुकट आहे. निळ्या रंगाबरोबर एक बिनरंगी रेणू घ्या. दिव्यापुढे फिल्टर लावून तरंगलांबी बदला आणि काम रंगाच्या शोषणाच्या मागे जातं की पावडरीच्या, ते बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या सहा बदलांपैकी निदान दोन एकमेकांपासून सोडवा. ऑटोक्लेव्हमध्ये पाण्याखाली, २०० अंशांच्या आत, अ‍ॅनाटेसचे बारीक स्फटिक मिळतात. म्हणजे स्फटिक होणं आणि आकार वाढणं या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. भाजलेल्या पावडरीचे हायड्रॉक्सिल गट गेले असतील तर ती पाण्यात ठेवून काही प्रमाणात परत आणता येतात. मग काम सुधारलं, तर दोष पृष्ठभागाच्या रसायनाचा होता. नाही सुधारलं, तर आकाराचा किंवा रूपाचा. असा एक नमुना आलेखातल्या आणखी पाच ठिपक्यांपेक्षा जास्त सांगून जातो.

(श्रोत्यांतून प्रश्न : आमच्या प्रबंधात असाच आलेख आहे. तो काढून टाकू का?)

नको, ठेवा. मोजलेलं आहे ते खोटं नाही. फक्त खालचं वाक्य बदला. ‘सर्वोत्तम तापमान ५०० अंश’ याऐवजी ‘या पावडरीला, या भट्टीत, २ तास, मेथिलीन ब्लूसाठी’ असं लिहा. वाक्य लांबेल, लांबू द्या. आणि पावडरी फेकू नका, पुढच्या वर्षी कुणीतरी त्यांच्यावर फिनॉल तपासेल. हे व्याख्यान ठरल्यावर आम्हीही आमच्या जुन्या बाटल्या शोधल्या. सहापैकी दोन सापडल्या. लेबलांवर ‘५००’ आणि ‘६००’ एवढंच आहे. किती तास, ते लिहिलेलं नाही.